कटिंगवालीचं बाक

आमच्या थोरल्या जाऊबाईंचं दुखणं फोटोत येत नाही. त्या स्वतः फोटोत छान येतात, दुखणं तेवढं येत नाही. कमरेचा काढला, मानेचा काढला, एकदा तर नळकांड्यासारख्या यंत्रात सरकवून अख्ख्या बाईचाच काढला. मोठ्या डॉक्टरांनी ते सगळे फोटो उजेडावर धरले, मान डोलावली आणि म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे. अभिनंदन!" जाऊबाई म्हणाल्या, "अभिनंदन कसलं? मला काय मुलगा झालाय?" डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तेव्हापासून घरात पक्ष पडले. सासूबाई म्हणतात नाटकं आहेत. थोरले दीर म्हणतात मनाचं आहे. म्हणजे नाटकंच, पण नवरा असल्यामुळे जरा गोड शब्दांत. मी कुठल्याच पक्षात नाही, कारण त्यांच्या आणि आमच्या खोलीमध्ये नुसतं लाकडी पार्टिशन आहे आणि सकाळी त्या उठतात तेव्हा मला सगळं ऐकू येतं. आधी एक शिवी. मग पलंगाची कुरकुर. मग दुसरी शिवी, पहिलीपेक्षा वाईट. मग भिंतीला धरत धरत मोरीपर्यंत. नाटकच करायचं असतं तर बाईने प्रेक्षक जागे व्हायची वाट पाहिली असती. दिवसभर ज्यांच्या तोंडून वावगा शब्द निघत नाही, त्यांचा हा सकाळचा कार्यक्रम ऐकून मी गपचूप चहा टाकायला उठते.

सल्ले तर विचारू नका. समोरच्या बिऱ्हाडातली म्हणते आंबट सोडा. दुकानदार म्हणतो गार पाण्याने आंघोळ करा, त्याची बायको म्हणते कढत पाण्याने. नणंदबाई फोनवरून सांगतात की सकाळी आरशात बघून हसायचं. जाऊबाईंनी तेही केलं. म्हणाल्या, "हसले. आता हसत हसत दुखतंय."

त्या कामाला जातात शिलाई कारखान्यात. दवाखान्यांचे झगे, पडदे, चादरी असला माल. तिथे त्या कटिंगवाली. लांबलचक टेबलावर कापडाचे थरावर थर अंथरायचे, वरून पुठ्ठ्याचा साचा ठेवून खडूने आखायचं आणि सगळे थर एकदम कापायचे. हात इकडचा तिकडे झाला की पन्नास झग्यांना एकच बाही. जाऊबाईंचा हात हलत नाही. कमर बोंबलत असते, पाय पेटलेले असतात, पण हात म्हणजे अगदी शहाण्या मुलासारखे. एकदा त्यांचा डबा घरी राहिला म्हणून मी द्यायला गेले तर त्या कापत होत्या, आणि त्यांचं तोंड मला ओळखूच आलं नाही. घरी इतका शांत चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

हे सगळं चाललं होतं ते खिडकीखालच्या एका बाकाच्या जिवावर. कापडाचे तागे ठेवायचं जुनं लाकडी बाक. एक अंथरणी कापून झाली, की दुसरी अंथरेपर्यंत जाऊबाई तागे बाजूला सारून त्यावर आडव्या व्हायच्या. पाठ टेकली की दुखणं जातं असं नाही, पण पुढची अंथरणी उभ्याने करण्याइतकी माघार घेतं. मग उठायचं, कापायचं, पुन्हा आडवं. माल दुसऱ्यांइतकाच निघायचा. कुणाची तक्रार नव्हती.

मग एकदा मोठ्या दवाखान्याची माणसं कारखाना बघायला आली आणि त्यांना बाकावर, झग्यांच्या कापडाशेजारी, हाताची घडी घालून झोपलेली बाई दिसली. एक तर म्हणे मढं समजून दचकलाच. मालकांची पार अब्रू गेली. ते म्हणाले, "बाई, कामाला येता की झोपायला? लोकांना वाटलं आम्ही आतला मालही पुरवतो." महिनाअखेर बाक काढायचं आणि तिथे रॅक लावायचा, असं ठरवून ते मोकळे झाले.

जाऊबाई घरी आल्या त्या माझ्या स्वयंपाकघरात येऊन फरशीवर सरळ आडव्याच झाल्या. मी पोळपाट बाजूला सरकवला.

"काढू द्या हो बाक," मी म्हटलं, "दुसरं काहीतरी बघू."

"दुसरं काय? जिथे जाईन तिथे ही पाठ बरोबर येणार." छताकडे बघत त्या म्हणाल्या, "अगं, कात्री हातात आहे तोवर मी कटिंगवाली आहे. ती गेली की मी कोण? नुसती दुखणारी बाई. सासूबाईंना आणि ह्यांना दिवसभर बघायला." आणि रडायला लागल्या. मला रडणारं माणूस बघवत नाही, मी चिडते. मी चिडून म्हटलं, "मग भांडा की!"

भांडायला माणसं कुठे मिळतात? आमच्या ओळखीत भांडणारं एकच टोळकं होतं, ते म्हणजे अपंग संघटना. त्यांचे अध्यक्ष पूर्वी पाट्या रंगवायचे, लहानपणापासून व्हीलचेअरवर. जीभ अशी, की कचेरीतले साहेब त्यांना लांबून बघून जेवणाची सुट्टी घ्यायचे. टपाल कचेरीपुढचा उतार त्यांनीच भांडून करून घेतला होता आणि पहिल्या दिवशी त्यावरून इतक्या जोरात खाली आले होते, की थेट उद्घाटनाला खाली बसलेल्या पोस्टमास्तरांच्या मांडीत. मी जाऊबाईंना घेऊन त्यांच्या बैठकीला गेले.

सभागृहात पाऊल टाकलं आणि बघतो तर एकही खुर्ची नाही. व्हीलचेअरी फिरायला जागा हवी म्हणून संघटनेने ठराव करून सगळ्या खुर्च्या विकून टाकलेल्या. ज्याची त्याची खुर्ची ज्याच्या त्याच्या बुडाखाली, मग हव्यात कशाला? कुबड्यांवाले काका भिंतीला पाठ लावून उभे होते आणि त्यांची या विषयावरची तक्रार दोन वर्षं विचाराधीन होती. अपंगांच्या सभागृहात, उभं राहता येत नाही अशा बाईला बसायला जागा नाही! जाऊबाईंनी एकवार चहूकडे पाहिलं, पुढे गेल्या आणि अध्यक्षांच्या समोरच्या टेबलावर आडव्या झाल्या. तिथले कागद बाजूला सारले.

"बोला," त्या म्हणाल्या.

अध्यक्षांना आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे तरी खाली बघायला मिळालं असावं. ते खूश झाले. पण सगळं ऐकून घेतल्यावर त्यांचं तोंड आंबट झालं.

"बाई, राग मानू नका, पण तुम्ही आजारी आहात. आम्ही आजारी नाही. जन्म गेला आमचा लोकांना हेच सांगण्यात. आम्हाला काही झालेलं नाही, झालंय ते तुमच्या इमारतींना. पायऱ्या काढा, दारं रुंद करा, की आम्ही तुमच्यासारखेच. 'कीव नको, उतार द्या!' ही आमची घोषणा. त्यात तुम्ही येऊन 'दुखतंय, दुखतंय' करणार, की लोक पुन्हा 'अरेरे' करायला मोकळे."

"तुमच्या पायऱ्या काढा हो," टेबलावरून उत्तर आलं, "गावातल्या सगळ्या काढा. डोंगरसुद्धा सपाट करा. मी त्या सपाट जागेवर उभी राहीन आणि माझी कमर दुखेल. मग कुणाविरुद्ध घोषणा देऊ?"

"म्हणजे मग अपंगत्व नाही ते."

"मग काय आहे? छंद आहे का माझा?"

आंधळे खजिनदार कोपऱ्यातून म्हणाले, "अध्यक्ष, मला तर तुमच्यातल्या कुणाचंच काही दिसत नाही. मी सगळ्यांच्या शब्दावरच विश्वास ठेवलाय. या बाईंवरही ठेवतो." सगळे हसले. अध्यक्ष हसले नाहीत, हातांनी चाकं जराशी मागे घेतली, पुढे घेतली. मग म्हणाले, "ठीक आहे. प्रश्न बाकाचा आहे, म्हणजे जागेचा आहे, म्हणजे आमचा आहे. दुखण्याचं नाव काढायचं नाही. पण दिसायला काहीतरी हवं. मालक लोकांना डोळ्यांनी दिसल्याशिवाय कळत नाही. काका, बाईंना एक काठी द्या."

"मला काठी लागत नाही," जाऊबाई म्हणाल्या. "मला आडवं व्हायला लागतं."

"आडवं होणं दिसत नाही हो, आळस दिसतो. काठी दिसते."

आता बघा, खरं दुखणाऱ्या बाईने खरं वाटावं म्हणून सोंग आणायचं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण बाक जायला आठवडाच उरला होता, आणि बाक गेलं की कात्री गेली. जाऊबाईंनी काठी घेतली.

मग सुरू झाली शिकवणी. काठी चालवण्यात तिथे प्रत्येक जण पंडित. काका म्हणाले, काठी उजव्या हातात आणि वजन काठीवर, कारण त्यांचा डावा पाय अधू. मागच्या बाकड्यावाल्या बाई म्हणाल्या, छे, काठी डाव्या हातात, कारण त्यांचा उजवा. माफ करा, बाकडं नव्हतंच तिथे, खिडकीच्या कट्ट्यावर बसल्या होत्या त्या. तिसऱ्याने दोन्ही बाजूंना झुलून दाखवलं. जाऊबाईंचा ना डावा अधू ना उजवा. पण शहाण्या विद्यार्थिनीसारख्या त्या सगळ्यांकडून शिकल्या आणि सगळं एकत्र करून चालायला लागल्या, तेव्हा मला तोंडात पदर कोंबावा लागला. तिघे अपंग एकाच साडीत चालल्यासारखे दिसत होते.

ठरल्या दिवशी आम्ही कारखान्यावर गेलो. अध्यक्ष, काका, खजिनदार, काठीवाल्या जाऊबाई आणि मी. मालकांच्या केबिनला दोन पायऱ्या, त्यामुळे अध्यक्षांना वर जाता येईना. मालकच खाली कटिंगच्या दालनात आले. सगळ्या शिलाईवाल्या यंत्रं थांबवून बघायला लागल्या. जाऊबाई डाव्या पायाने लंगडत येऊन उजव्या हातातल्या काठीवर ओणवून, कण्हत वगैरे, झकास उभ्या होत्या. मालकांना पाझर फुटायच्या बेतात होता. "एवढं आहे हे मला माहीत नव्हतं हो," असं ते म्हणालेसुद्धा.

आणि जाऊबाईंचं लक्ष टेबलाकडे गेलं. नव्या मुलीने थर अंथरले होते, आणि मधल्या एका थराची कड आत दुमडली होती. कापलं असतं तर तेवढा झगा तोकडा. जाऊबाईंनी काठी भिंतीला टेकवली, तरातरा टेबलापाशी गेल्या, दोन्ही हातांनी वरचे थर उचलले, दुमड सोडवली, तळहाताने कापड झटकन सारखं केलं. मग भानावर आल्या. परत येऊन काठी उचलली ती डाव्या हातात. आणि लंगडायला लागल्या ते दुसऱ्याच पायाने.

मालक म्हणाले, "अहो बाई, निदान कुठला पाय ते तरी घरून ठरवून यायचं!"

अख्खं दालन फुटलं. शिलाईवाल्या खिदळल्या, बॉयलरवाला खिदळला. मी कुठे तोंड लपवू असं झालं. जाऊबाईंचा चेहरा पांढराफटक. इतकी वर्षं खरं बोलून जे कुणी मानलं नाही, ते आता खोटं म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांदेखत शाबीत झालं होतं. बाक गेलं, कात्री गेली, आणि वर सासूबाई खऱ्या ठरल्या.

मालक आता अध्यक्षांकडे वळले. आवाज एकदम मऊ. "वाईट तुमच्यासाठी वाटतं. तुमच्यासारख्या खऱ्या माणसाला असल्या सोंगासाठी यावं लागलं. तुम्हाला मी कित्येक वर्षं बघतोय. एवढं देवाने दिलंय, पण तोंडावर कायम हसू. कधी हूं नाही की चूं नाही. आमच्या बायकांना तुमच्याकडून शिकायला हवं."

अध्यक्षांना असली स्तुती पाठ होती. त्यावर द्यायचं उत्तरही पाठ होतं, ते मी सभेत ऐकलं होतं. पण ते त्यांनी दिलं नाही. हात चाकांवर ठेवून म्हणाले, "काठी माझी आयडिया होती. बाईंना नको होती."

"असू दे हो, तुमचा मनाचा मोठेपणा…"

"मोठेपणा गेला खड्ड्यात. ऐका. माझे खांदे दुखतात. चाकं ढकलून ढकलून सांधे गेलेत. रोज दुखतात. शर्टात हात घालताना मला रडू येतं. बायको घालून देते, आणि तिला मी ताकीद दिलीय कुणापाशी बोलायचं नाही." त्यांनी दालनाकडे पाहिलं. "आणि ते हसू म्हणताय ना, ते दात दाबून धरलेत मी."

काकांनी भिंतीवरून पाठ काढून अध्यक्षांकडे असं पाहिलं, जसं काही आज ओळख झाली.

"अरेरे," मालक म्हणाले.

"हेच. या अरेरेच्या भीतीनेच बोललो नाही कधी. सरकारदरबारी गेलो, मोर्चे काढले, म्हटलं आम्हाला काही होत नाही. एकदा कबूल केलं की दुखतं, की हे म्हणणार घरी पडा. या बाई दुखतं म्हणाल्या तेव्हा मीच त्यांना गप्प केलं. तुमच्याआधी मी."

मालकांनी घाम पुसला. खरंच विरघळले होते बिचारे. फोरमनकडे वळून म्हणाले, "रॅक राहू दे. बाक ठेवा."

मी सुटकेचा श्वास टाकला. जिंकलो! आता नमस्कार करायचा आणि मालकांचं मन बदलायच्या आत सटकायचं. मी जाऊबाईंचा हात धरला. त्यांनी झटकला.

"का ठेवा?"

"वहिनी!" मी त्यांना चिमटा काढला. पिळवटून काढला.

"चिमटे काढू नकोस, आधीच कमी दुखत नाहीये. मालक, मी विचारतेय, का ठेवा? मी इतकी वर्षं तुमच्याकडे आहे. इतकी वर्षं सांगतेय. तुम्ही फोटो मागितले, पाय बघितला, हसलात. यांनी एकदा सांगितलं, तेही स्वतःच्या खांद्याचं, आणि माझं बाक ठेवा? यांना चाकं आहेत म्हणून यांचं दुखणं खरं, आणि त्यांच्या खऱ्यातून मला उसनं खरं?" त्यांचा आवाज चिरकला. काठी त्यांनी काकांच्या हातात कोंबली. "बाक ठेवायचं तर माझ्या शब्दावर ठेवा. नाहीतर फेकून द्या."

मी देवाचं नाव घेतलं. डोकं फिरलं होतं बाईचं! हातात आलेलं बाक कुणी असं लाथाडतं?

मालकही चिडले. "बरं, सांगा. तुमच्या शब्दात सांगा. काय होतं तुम्हाला?"

जाऊबाईंनी तोंड उघडलं. सकाळी पार्टिशनपलीकडे ज्यांच्याकडे शब्दांना तोटा नसतो, त्यांना शब्द सापडेना.

"दुखतं," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"कमरेपासून सुरू होतं. मग कुठे ते सांगता येत नाही."

"कशाने?"

"माहीत नाही."

"दाखवता येईल असं काही?"

"नाही. काहीच नाही." डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. "ही मी आहे. एवढंच आहे दाखवायला."

मालक बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. पायाकडे नाही, तोंडाकडे. माझ्या आठवणीत एवढा वेळ त्यांच्या तोंडाकडे कुणी पाहिलं नव्हतं, ना डॉक्टरांनी ना दिरांनी. मग ते फोरमनला म्हणाले, "बाई म्हणतात त्यांना दुखतं. बाक राहील."

मी तिथे भर कारखान्यात हमसून हमसून रडले. लाज वाटली, पण रडले.

जाऊबाई खिडकीपाशी गेल्या, तागे खाली ढकलले आणि सगळ्यांसमोर बाकावर आडव्या झाल्या. हाताची घडी घातली नाही, एवढं भान ठेवलं. आम्ही सगळे भोवती उभे, अध्यक्ष सोडून. ते चाकं ढकलत बाकाशेजारी आले, आणि ढकलताना पहिल्यांदाच तोंड वाकडं केलं, लपवलं नाही.

"डावा जास्त की उजवा?" जाऊबाईंनी पडल्या पडल्या विचारलं.

अध्यक्ष गोंधळले. त्यांना हे कुणी विचारलंच नसावं. "उजवा," ते म्हणाले.

"ठणकतो की जळतो?"

"सकाळी ठणकतो." त्यांनी विचार केला. "संध्याकाळी जळतो. आणि मध्येच एक असा… सुरा फिरल्यासारखा."

"हां. तो सुरा मला माहितीय. तो आला की श्वास धरायचा नाही, सोडायचा. मोठ्याने शिवी दिली की आपोआप सुटतो."

"कुठली शिवी?"

"वाकून कान इकडे करा."

त्यांनी वाकून कान केला. मग ते इतक्या जोरात हसले, की खांदा धरूनच बसले. काकाही पुढे सरकले आणि काखेत कुबडी कशी रुतते ते सांगायला लागले. खजिनदार म्हणाले, दिवसभर कानांनी बघून बघून डोकं असं धरतं, की विचारू नका, पण आजवर विषयच निघाला नव्हता. शिलाईवाल्यांतली एक मानेला हात लावून उभी राहिली. मालकांनी दोनदा "चला, कामाला लागा" असं म्हटलं, पण त्यात जोर नव्हता. शेवटी तेही जरा जवळ आले, इकडेतिकडे पाहिलं, आणि आपल्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "तशी माझी पण ही वाटी, केबिनच्या त्या दोन पायऱ्या उतरताना…"

जाऊबाईंचे डोळे मिटलेलेच होते. "मालक," त्या म्हणाल्या, "रांगेत या."